कानात कापूस

कोकणातल्या माणसाला तिकीट काढून पाऊस दाखवायला न्यावं, तसं रांझीच्या माणसाला तिकीट काढून कारखाना दाखवायला नेणं. आमच्या लेकीने ते केलं, आणि तेही अमेरिकेत नेऊन.

रांझी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जबलपूर शहर पूर्वेकडे पसरत पसरत जिथे कारखान्यांच्या भिंतींना जाऊन टेकतं, तिथे रांझी आहे. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि 1969 ची गाड्यांची फॅक्टरी, ही आमची शेजारपाजारची मंडळी. बाकी देशासाठी शक्तिमान हा टीव्हीवर गरगर फिरणारा नायक असेल. आमच्यासाठी तो ट्रक आहे आणि तो गल्लीतल्या काकांनी जोडलेला आहे. जोंगा या लष्करी गाडीच्या नावातला 'ज' जबलपूरचा, हे रांझीत पोराला बाराखडीच्या आधी शिकवतात. घड्याळ इथे हौस म्हणून घालतात. वेळ हूटर सांगतो. आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजत नसे. पहिल्या हूटरला कुकर चढवायचा, दुसऱ्याला उतरवायचा. डाळ कच्ची राहिली तर दोष हूटरचा.

इथे बंगाली, तमिळ, पंजाबी, बिहारी सगळे नोकरीच्या मागे आले आणि राहिले. त्यांत आम्ही मराठी. आमची मराठी पुण्याच्या लोकांना जरा लांबट वाटते. ते जेवत असतात तेव्हा आम्ही जेवून राहिलेलो असतो. पोट तेवढंच भरतं.

यांपैकीच एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट शोधायची आणि त्याबद्दल सरकारकडून पगार घ्यायचा. सौ.च्या मते मी हे काम घरी बिनपगारी करतो. पोळीचा व्यास, चहाचं तापमान आणि जावयाने लावलेल्या खिळ्याचा कोन यांवर माझा शेरा ठरलेला. निवृत्त होताना साहेब म्हणाले, "तुम्ही गेल्यावर इथे खोट कोण काढणार?" सौ. शेजारीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी काळजी दिसली, ती कारखान्याची नव्हती.

तर लेक बॉस्टनजवळ राहते. आम्ही तिच्याकडे गेलो. दर रविवारी फोनवर "बाबा, ओरडता कशाला? मला ऐकू येतं" म्हणणारी लेक आता समोर बसून तेच म्हणायला लागली. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला आवडेल अशा ठिकाणी नेते. नॅशनल पार्क आहे."

जबलपूरच्या माणसाला नॅशनल पार्क म्हटलं की कान्हा दिसतं. मी मफलर, दुर्बीण आणि मातकट रंगाचा सदरा असा जामानिमा केला. सौ.ने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. तासाभराने गाडी थांबली ती लाल विटांच्या पाच-सहा मजली इमारतींपुढे. मधोमध मनोरा, मनोऱ्यावर घड्याळ, त्यात घंटा, बाजूने कालवा. मी दुर्बीण लावून पाहिलं. वाघ नव्हता. होती ती बूट कॉटन मिल्स, लॉवेल गावातली जुनी कापडगिरणी.

सौ. म्हणाली, "अहो, हे तर आपल्यासारखंच आहे. फक्त सायकल स्टँड नाही."

अमेरिकेच्या सरकारने 1978 मध्ये या गावातल्या जुन्या गिरण्या, कालवे आणि कामगारांच्या राहत्या घरांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. त्यामुळे दाराशी खरोखरच गणवेशातला, रुंद काठाची टोपी घातलेला रेंजर उभा असतो. कान्ह्यातला रेंजर वाघ दाखवतो, इथला माग दाखवतो. आत शिरताना माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. बत्तीस वर्षं गेटवर दरबानाला झडती देण्याची सवय; दार दिसलं की हात वर. रेंजरला वाटलं, ही भारतातली नमस्काराची पद्धत असावी. त्यानेही दोन्ही हात वर केले. मागून आलेल्या एका कुटुंबानेही केले. काही क्षण आम्ही सगळे दरोडा पडल्यासारखे उभे होतो.

गावाला ज्याचं नाव दिलं आहे, त्या फ्रान्सिस कॅबट लॉवेलची गोष्ट पहिल्या दालनात कळली आणि मी हात खाली घेतले. हा गृहस्थ 1810 मध्ये इंग्लंडला गेला. तिथे यंत्रमाग चालत होते आणि त्यांचे नकाशे देशाबाहेर न्यायला बंदी होती. याने गिरण्या नुसत्या हिंडून पाहिल्या. 1812 मध्ये परत येताना इंग्रजांनी बोट अडवून सामानाची झडती घेतली. काही सापडलं नाही, कारण माल डोक्यात होता. घरी येऊन पॉल मूडी नावाच्या कारागिराच्या मदतीने त्याने माग उभा केला.

मी थक्क झालो. सौ. झाली नाही. तिने आयुष्यात हेच केलं आहे. लग्नाच्या पंगतीत समोर बसलेल्या बाईच्या स्वेटरची वीण जिलबी संपेपर्यंत डोक्यात घ्यायची आणि घरी येऊन दोन सुयांवर उतरवायची. रांझीत एके काळी बंगाली काकूंच्या शालीची वीण तीन दिवसांत सहा मराठी स्वेटरांवर उतरली होती. काकू शेवटपर्यंत चोर शोधत राहिल्या. मला मात्र बाजारातून आणायच्या चार वस्तूंपैकी तीन आठवतात आणि त्यांतली एक चुकीची असते. आमच्या गेटवर कागद तपासत, पिशव्या तपासत. डोकं तपासायची सोय तिथेही नव्हती, पण माझ्यामुळे सरकारला धोका नव्हता.

लॉवेलसाहेब 1817 मध्ये वारले. त्यांच्या नावाचं गाव वसलं ते त्यानंतर. म्हणजे रिटायर झाल्यावर क्वार्टर अलॉट झाल्यातलाच प्रकार.

पुढचं दालन गिरणीतल्या मुलींचं. आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली इथे कामाला येत, कंपनीच्या घरांत राहत. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला पहिली घंटा, पाचला मागावर हजर, सुटका संध्याकाळी सातला. रात्री दहाला राहत्या घराचं दार बंद. सौ. वाचता वाचता म्हणाली, "म्हणजे माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष." मी दालनातल्या दुसऱ्या फलकाकडे वळलो.

दुसऱ्या फलकानेही दिलासा दिला नाही. या मुलींनी 1834 मध्ये पगारकपात होताच काम थांबवलं, आणि 1836 मध्ये राहण्याजेवण्याचे दर वाढवताच पुन्हा थांबवलं. चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये इथे येऊन गेला. त्याने वाचकांना नवल वाटेल म्हणून तीन गोष्टी लिहिल्या: बऱ्याच घरांत मुलींनी वर्गणी काढून घेतलेला पियानो आहे, बहुतेक सगळ्या जणी फिरत्या ग्रंथालयाच्या सभासद आहेत आणि त्या स्वतःचं मासिक चालवतात. यात नवल कसलं? आमच्या कारखान्याच्या वसाहतीत वर्गणीतून घेतलेली पेटी होती, वाचनालय होतं आणि गणपतीत हस्तलिखित निघायचं. पेटीची एक पट्टी दाबलेलीच राहायची, त्यामुळे आमच्याकडची सगळी भजनं एकाच सुराच्या आधाराने चालत. पण डिकन्स रांझीला आला नाही, त्याला कोण काय करणार?

जावई म्हणाले, "बाबा, हे सगळं बघायला रविवार बरा, नाही का?" तेव्हा मी लेक्चर दिलं. निवृत्त माणूस आणि म्युझियम एकत्र आले की लेक्चर टळत नाही. म्हटलं, रविवारचंच काय विचारता? मुंबईत कावसजी दावरांनी 1854 मध्ये पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या, पण गिरणीकामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणीकामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, पोहे खातो, दुपारी लोळतो, ते लोखंड्यांच्या कृपेने. पोह्यांवर कोथिंबीर घालताना त्यांची एकदा आठवण काढायला हरकत नाही.

जावयांनी मान हलवली. मोबाइलही हलवला. मी पुढे नागपूरवर आलो, कारण सासर नागपूरचं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून ते नाव. मुंबई सोडून नागपूर का? कारण कापूस दाराशी आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ. याच गिरणीत 1901 मध्ये कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी सुरू झाला. 'पीएफ' हा शब्द आला की रांझीच्या निवृत्त माणसाचा हात छातीशी जातो. अमेरिकन लोकांचा राष्ट्रगीताच्या वेळी जातो तसाच.

एका फलकापाशी मात्र लेक्चर थांबलं. या गिरण्यांचा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. तो पिकवणारे आणि वेचणारे गुलाम होते. इथे विणलेलं जाडंभरडं कापड पुन्हा दक्षिणेत जाई, त्याच गुलामांच्या अंगावर घालायला. पुढे 1861 ते 1865 चं यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. वऱ्हाडात त्या तेजीच्या गोष्टी आजोबा कौतुकाने सांगत. तिचं कारण काय होतं, ते मला इथे उभं राहून कळलं. सौ.ने दशम्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आम्ही काही न बोलता जिन्याकडे वळलो.

जिन्याच्या तोंडाशी एका माणसाने आमच्या हातावर कानात घालायचे बोळे ठेवले. रंगीत, स्पंजाचे. मी इन्स्पेक्शनच्या नजरेने पाहिले. जिथे शंभरेक वर्षं कापूस पिंजला, कातला, विणला, तिथे कानात घालायला कापूस नाही! शेरा मारावासा वाटला, पण वही नव्हती. मी ते खिशात टाकले. आमच्याकडे तोफांच्या चाचण्या ऐकत लोक दुपारची झोप काढतात, मला काय होणार?

दार उघडलं.

मागांचा आवाज सांगायला मराठीत 'खटखट' हा एक शब्द आहे. तो एका मागाचा झाला. या दालनात 88 माग ओळीने मांडले आहेत. सगळे एकदम चालवत नाहीत, थोडेच चालू असतात. पण तेवढ्यांनीच पायाखालची लाकडी जमीन थरथरत होती. आवाज कानांतून येतच नव्हता. तो टाचेतून चढून दातांपर्यंत जात होता. वर छताशी फिरणारे दांडे, त्यांवरून खाली आलेले चामडी पट्टे आणि प्रत्येक मागावर इकडून तिकडे झेपावणारा धोटा. मी लेकीला म्हटलं, "पट्ट्यांना जाळी नाही." ती म्हणाली... काय म्हणाली कोण जाणे. मी ओरडलो. तीही ओरडली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मला ओरडू नका म्हटलं नाही. मी खिशातले बोळे काढून मुकाट्याने कानात घातले.

आणि मग सौ.कडे लक्ष गेलं. तिने बोळे घातलेच नव्हते. ती मागांच्या मधल्या वाटेत उभी होती, सासरहून आलेली मुलगी माहेरच्या अंगणात उभी राहते तशी. तिचे वडील नागपूरच्या एका गिरणीत विणखात्यात होते. शाळा सुटली की ही त्यांचा डबा घेऊन फाटकाशी जाई.

मागावर काम दाखवणारा एक वयस्कर गृहस्थ होता. एक धागा तुटला तसा त्याने माग थांबवला, गाठ मारली आणि पुन्हा चालू केला. सौ.ने दोन बोटं ओठांशी नेऊन काहीतरी विचारलं. तो हसला, मान हलवली, मग मनगट फिरवून उत्तर दिलं. हिने भुवया उडवल्या. त्याने गुडघ्याला हात लावला. हिने स्वतःच्या गुडघ्याला लावला. तीनचार मिनिटं हे असं चाललं. एक अक्षर इंग्रजी नाही, एक अक्षर मराठी नाही. बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, "आई, काय बोलत होतात?" "काही नाही गं. मी विचारलं, धोट्यातून सूत तोंडाने ओढायचात का? तो म्हणाला, ते फार पूर्वी. गुडघे दुखतात त्याचे. मी म्हटलं, तिळाचं तेल लावा." तिळाचं तेल खुणेने कसं सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही.

धोट्याचं मात्र खरं. पूर्वी धोट्याच्या छिद्रातून धागा बाहेर काढायला विणकर तोंड लावून तो ओढून घेत. त्याबरोबर कापसाची धूळ छातीत जाई आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागे. इंग्रजीत या प्रकाराला 'धोट्याचं चुंबन' म्हणत. मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये त्यावर कायद्याने बंदी घातली.

पण मी सांगत होतो ते वेगळंच. सौ.ला तो माणूस समजला, कारण घरात तिने वडिलांशी असंच बोलून बालपण काढलं होतं. विणखात्यात माणसं ओठ वाचतात, हातांनी बोलतात, आणि घरी येतात तेव्हा एकतर ओरडतात किंवा खुणा करतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

छत्तीस वर्षांपूर्वी मी मुलगी बघायला नागपूरला गेलो. पोह्यांची बशी हातात घेतली, आणि समोरून आवाज आला, "नोकरी कुठे?" बशीतला एक शेंगदाणा उडून सतरंजीवर पडला. मी हळू आवाजात "जबलपूरला" म्हटलं. ते आणखी मोठ्याने, "कुठे?" मला वाटलं, जबलपूर यांना पसंत नाही. मी आणखी हळू बोललो. ते आणखी मोठ्याने. शेवटी शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडून सांगितलं, "जबलपूर म्हणतोय मुलगा!"

लग्न झालं. पण माझा ग्रह झाला तो झालाच. सासरे तापट आहेत, मी त्यांना आवडत नाही, ते माझ्यावर डाफरतात. त्यांचा रेडिओ लागला की वॉर्डातल्या चार घरांना बातम्या विकत घ्याव्या लागत नसत. ते "जेवायला बसा!" म्हणाले तरी मला तो हुकूम वाटे. दिवाळीला जाताना मी दोन दिवसांची रजा सांगायचो आणि दीड दिवसात परतायचो. त्यांच्या शेवटच्या दिवसांत ते हॉस्पिटलात मला म्हणाले होते, "सांभाळून जा!" सगळा वॉर्ड दचकला होता. मीही दचकलो आणि निघालो.

बत्तीस वर्षं मी पोलादात केसाएवढी भेग शोधली. घरातल्या माणसाच्या कानात काय झालं होतं, ते मला शोधता आलं नाही. त्यासाठी बारा हजार किलोमीटर जाऊन पाच मिनिटं एका दालनात उभं राहावं लागलं. इन्स्पेक्शनच्या माणसाने स्वतःवर मारायचा हा शेरा आहे. वही मिळाल्यावर मी तो मारला.

खाली दुकानात याच मागांवर विणलेले टॉवेल विकायला असतात. सौ.ने दोन घेतले. मी सवयीने डॉलरचे रुपये केले आणि सवयीने गप्प बसलो.

रांझीला परतल्यावर चहाच्या टपरीवर विचारणा झाली, "काय बड्डे, अमेरिकेत काय पाहिलं?" म्हटलं, "कापडाचा कारखाना." टपरीवर शांतता पसरली. मग एक जण समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "हा काय वाईट होता? बसभाडं तरी वाचलं असतं." दुसऱ्याने विचारलं, "आणि कापडाचा? आपल्या जबलपूरला कापडाशी काय देणं-घेणं?"

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, या शहरात राजा गोकुलदासांची कापडगिरणी होती. दुसरी, त्याहून जुनी. विल्यम स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केल्यावर 1830 च्या दशकात माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी इथे उद्योगशाळा निघाली. तिथे त्यांना तंबू आणि गालिचे विणायला बसवलं. ज्यांनी जन्मभर रुमालाने प्रवाशांचे गळे आवळले, त्यांच्याच हातात सूत दिलं. कापडातला अनुभव पाहून केलेली अशी नेमणूक दुसऱ्या कुठल्या खात्यात झाली नसेल. टपरीवरच्या मंडळींनी नकळत गळ्यातले गमछे सैल केले.

ते टॉवेल सौ.ने वापरायला काढलेले नाहीत. कपाटात वडिलांच्या फोटोशेजारी घडी करून ठेवले आहेत. लेकीचा फोन येतो तेव्हा मी अजूनही मोठ्याने बोलतो, आणि ती अजून विचारते, "बाबा, ओरडता कशाला?" हल्ली सौ. तिला मधेच सांगते, "अगं, कारखान्यातला माणूस आहे तो."

तुमच्याही घरात एखादं म्हातारं माणूस उगाच मोठ्याने बोलत असेल, तर त्याला तापट ठरवण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, "नोकरी कुठे होती?" आणि हो, जरा मोठ्यानेच विचारा.